वाईट तेही सांग

कोल्हापूर, ता. ४ जुलै २०२५

ती. पारूआत्यास,
श्रुतीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की सगळ्या होस्टेलला कळतं, म्हणून पत्र. एकाच आठवड्यात दोन कागद आलेत. जयसिंगपूरजवळच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कायमची नोकरी, आणि इथं विद्यापीठात माझ्या मॅडमच्या हाताखाली पीएच.डी.ला प्रवेश. विषय माझ्या आवडीचा: शिरोळ तालुक्यातल्या जमिनी क्षारपड का होतात आणि परत कशा पिकवता येतील. शिष्यवृत्तीचं अजून नक्की नाही.

पप्पांना मी सांगितलं की चार वर्षांत पीएच.डी. होते आणि लगेच प्राध्यापक होता येतं. त्यांनी चांदीच्या कामात मान घातली. नोकरीचं पत्र मात्र हुपरीभर दाखवून आले. आई म्हणते, पप्पा फक्त त्यांच्या अक्काचं, म्हणजे तुझंच ऐकतात. त्यांना माझ्या बाजूनं दोन शब्द लिही ना. कारखान्याला वीस तारखेपर्यंत कळवायचंय.

गुडघ्याचं तेल नुसतं फळीवर ठेवू नकोस, लावत जा. माया आहे तशीच राहू दे.

तुझी श्रुती


कुरुंदवाड, ता. ८ जुलै

चि. श्रुतीस,
अ. आ. आणि जय भीम.

पत्र दोनदा वाचलं, एकदा आत्या म्हणून आणि एकदा मास्तरीण म्हणून. तीस वर्षं पोरांचे बहाणे ऐकलेत मी. चार वर्षांत पीएच.डी. आणि लगेच प्राध्यापक, हे तुला कुणी सांगितलं? तुझ्या मॅडमचे आधीचे विद्यार्थी आज कुठं आहेत, त्यांना किती वर्षं लागली, विचारलंस का? मॅडमना नको, त्या विद्यार्थ्यांनाच विचार.

भाऊसोला मी लिहिणार नाही. रुसू नकोस. माझ्या शब्दाखातर तो व्हय म्हणेल की, पण मनातनं मानणार न्हाय. मग उद्या अडचण आली की त्याला सांगायला तूच घाबरशील. जे कळेल ते सगळं त्याच्यापुढं ठेव, वाईट तेही. नोकरी धरलीस तरी माझ्या लेखी तू उणी नाहीस.

तेल लावते. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी आत्या


कोल्हापूर, ता. १९ जुलै

ती. आत्यास, सप्रेम जय भीम.

तुझ्यावर दोन दिवस रुसले, मग विचारायला गेले. मॅडमची विद्यार्थिनी अवंतिका. तिला सहा वर्षं लागली. आज ती दोन कॉलेजांत तासिकेवर शिकवते, मे महिन्यात तेही नाही. तिच्याबरोबरचा एकजण मधेच सोडून खतकंपनीत गेला. अवंतिका म्हणाली, पुन्हा संधी मिळाली तरी ती हेच करेल, फक्त घरच्यांपासून काही लपवणार नाही.

रविवारी हुपरीला गेले. पप्पा पैंजणाची कडी जोडत होते. सगळं सांगितलं. त्यांनी चिमटा खाली ठेवला. म्हणाले, त्या दिवशी तू गिऱ्हाइकाशी बोलावं तसं गोड बोलत होतीस, म्हणून भरवसा बसला न्हाय. मग विचारलं, एवढं कळूनही जायचंय का? मी हो म्हणाले. दोन वर्षांत शिष्यवृत्ती मिळाली नाही तर मी नोकरी शोधायची, असं आमचं ठरलं.

कारखान्याला विचारलं, शिष्यवृत्तीचं कळेपर्यंत थांबाल का. साहेब नाही म्हणाले. आज नकार कळवला. सही करण्याआधी नोकरीचं पत्र तीनदा वाचलं, हे फक्त तुला सांगते.

तुझी श्रुती


हुपरी, ता. ५ ऑगस्ट

ती. अक्कास,
भाऊसोचा जय भीम.

अक्का, मला पत्राची सवय न्हाय, चुका काढू नको. काल श्रुतीसंगं विद्यापीठात गेलतो. दारातनंच माघारी फिरणार हुतो, पण मॅडमनी आत बोलावून खुर्ची दिली आणि मूळ गाव विचारलं. शिरोळ तालुक्यातलं कुरुंदवाड म्हटल्यावर त्यांनी नदीकडच्या रानांचं काढलं. मग मी सांगतच सुटलो. आपलं रान कंच्या साली पहिल्यांदा पांढरं पडलं, ऊस कुठनं पिवळा व्हायला लागला, आपले आबा निचऱ्याला चर मारायचे त्याचं पाणी कुणीकडं जायचं. तासभर तरी बोललो असंन. एवढी शिकलेली बाई, पण माझं बोलणं वहीत लिहून घेत हुती.

चार-पाच जागी मला साल आठवलं न्हाय. मी म्हटलं, आमच्या अक्काला इचारा. तर मॅडमनी तुझं नाव, गाव लिहून घेतलं. येत्या रविवारी श्रुती आणि मी येतोय. तिच्या कामाची पहिली नोंद तुझ्यापासनं सुरू करायची म्हणती.

धाकट्यावर नजर असू दे.

तुझा भाऊसो