पेशंटचं नाव आभा

४ जानेवारी २००२, शुक्रवार
रास अल खैमा

पोचले एकदाची. दुबईच्या विमानतळावर राजन एवढा मोठा गुच्छ घेऊन उभा होता की आधी गुच्छ दिसला आणि मग नवरा. तिथून इथवर दीडेक तास गाडी, एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला मधूनमधून समुद्र. सिमेंटच्या कारखान्यात आठ वर्षं काढलेला हा माणूस वाटभर असा बोलत होता की सगळं गाव यानेच बांधलंय. मी ऐकून घेतलं. इतक्या महिन्यांनी भेटलेल्या नवऱ्याला पहिल्या दिवशी टोकू नये.

घर नखील भागात, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि पिठाच्या गिरणीसारखा घरघरणारा खिडकीतला एसी. मागच्या बाल्कनीतून खाडी दिसते, तिच्यात मासेमारीच्या होड्या, आणि पलीकडे उघडेबोडके डोंगर. मला आवडलं. पुण्यात गेले काही महिने सगळे ज्या नजरेने माझ्याकडे बघत होते, ती नजर इथे कोणाकडेच नाही. राजनने वरण-भाताचा कुकर लावून ठेवला होता, भाताचं पीठ झालं होतं, तरी दोनदा वाढून घेतला.

१० जानेवारी, गुरुवार

काम सुरू झालं. पुण्याच्या ऑफिसने मला सोडलं नाही, साधनाची कृपा. ती आमची टीम लीडर. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासला की त्याच्याविषयी बोलून ठेवतात. ते आवाज पुण्यात येतात, पुण्याहून इंटरनेटवरून माझ्याकडे. मी हेडफोन लावायचा, पायाखालच्या पेडलने आवाज थांबवत, पुढे नेत सगळं टाइप करायचं आणि रिपोर्ट परत पाठवायचा. फोनच्या तारेतून एक फाइल उतरेपर्यंत माझी पोळ्यांची कणीक मळून होते. बायको गाऊन घालून घरात बसते आणि अमेरिकेत नोकरी करते, हे राजनला अजून खरं वाटत नाही. कारखान्यातल्या लोकांना तो हे सांगत सुटलाय.

साधनाचा नियम मी झोपेतही म्हणून दाखवीन. जे ऐकू आलं तेच टाइप करायचं. डॉक्टर चुकला तरी त्याची चूक तशीच उतरवायची. शहाणपणा करायचा नाही. सहा वर्षांत मी एकदाही केलेला नाही.

खाली शोभना वहिनींचं फरसाणाचं दुकान आहे. आज पापलेट घेऊन वर आल्या. मला सांगितलं, दहा दिरहमला मिळाला, म्हणजे एकशे तीस रुपये, पुण्यात या भावात शेपूट तरी मिळेल का. एकवीस वर्षं इथे आहेत आणि अजून रुपयांत हिशेब करतात.

१८ जानेवारी, शुक्रवार

वहिनींनी जेवायला बोलावलं होतं. वाढता वाढता विचारलं, मुलंबाळं? मी तोंड उघडायच्या आत राजन म्हणाला, नाही अजून, इन्शाल्ला.

नाही काय म्हणून? होती. गेल्या मे महिन्यात झाली, सातव्या महिन्यातच, घाई करून. ओंजळीएवढी. डाव्या तळव्यावर कुंकवाचं बोट लागल्यासारखी खूण. बारशाला राजनला रजा मिळाली नाही, भट्टी दुरुस्तीला काढली होती. माझ्या नणंदेने तिच्या कानात कुर्र करून ‘आभा’ म्हटलं ते त्याने फोनवर ऐकलं. ती मात्र शहाण्यासारखी झोपून राहिली, हूं की चूं नाही. ऑगस्टमध्ये ताप आला, मग छाती भरली. राजन पोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्याने तिला कधी घेतलं नाही, तिचा आवाजही ऐकला नाही. म्हणून त्याला ‘नाही’ म्हणता येतं. मला येत नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक फाइल जास्त आली. डॉक्टरांचा आवाज नवा, म्हाताऱ्या माणसाचा, सावकाश. पेशंट नऊ महिन्यांची मुलगी. जन्म सातव्या महिन्यातला, पण वजन आता वयाला शोभेलसं. खालचे दोन दात आलेत. डाव्या तळव्यावर लाल जन्मखूण. सोबत कोणी नाही. मग त्यांनी नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणे एकेक अक्षर सोडवून सांगितलं. ए, बी, एच, ए.

मी हेडफोन काढून ठेवला. पुन्हा लावला. डॉक्टरांच्या आवाजामागे बाळ काहीतरी चोखत होतं, पचपच आवाज येत होता. मग जसं ऐकलं तसं टाइप केलं आणि पाठवलं. गॅसवर भाजी जळली.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

साधनाला ईमेल केली होती. उत्तर आलं. अशी फाइल आपण पाठवलेली नाही, असा रिपोर्ट तुझ्याकडून आलेलाही नाही. जरा रजा घेतेस का, असं विचारलंय, फार मायेने. मी लिहिलं, नको, माझाच घोटाळा झाला.

आता तिला पुन्हा विचारणार नाही. विचारलं आणि फाइल यायची बंद झाली तर?

२० फेब्रुवारी, बुधवार

रांगते. खुर्ची धरून उभी राहते आणि धपकन बसते. डॉक्टर हे सगळं त्याच रुक्ष आवाजात सांगतात आणि मी इथे ओठ दाबून हसत असते. दुपारी बाजारात जाऊन टोपडं आणलं, पिवळं. कपाटात साड्यांखाली ठेवलं. मी वेडी नाही. मला माहीत आहे ती गेली. पण आई होऊन बघितलेल्या बाईने मला सांगावं की अशी फाइल आली तर ती ऐकायची नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार

एकशे तीन ताप. उजवा कान पिकलाय.

ऑगस्टमध्येही असंच सुरू झालं होतं. मी पेडलवरचा पाय काढला आणि टाइप केलं, ताप नाही, दोन्ही कान स्वच्छ. ऐकलं ते टाइप केलं नाही. असं मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं. पाठवून दिलं.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

ताप नाही! कान स्वच्छ. मागून तिचं हसू ऐकू आलं. शिरा केला.

राजन भर दुपारी कंपनीच्या गाडीतून घरी आला, अंग फणफणलेलं, उजव्या कानातून पाणी. वहिनींनी लसणीचं तेल गरम करून दिलं. म्हणाल्या, कारखान्याची धूळ, दुसरं काय. खरंच की. मी शिरा झाकून ठेवला.

१२ मार्च

दारात सापडून तिची उजवी करंगळी मोडली. मी टाइप केलं, हाताला इजा नाही. आता हे सवयीने जमतं.

१३ मार्च

राजनची करंगळी. उजवी. कारखान्याच्या फाटकात सापडली. हमदुल्ला म्हणून त्यांचा फोरमन आहे, तो घरी सोडायला आला होता. म्हणाला, भाभी, फाटक तो बंद ही नहीं हो रहा था, हाथ कैसे आ गया, समझ में नहीं आया.

मी प्लास्टरकडे बघत राहिले. राजन म्हणाला, इतकं काय घाबरतेस, करंगळीच तर आहे. त्याला पाणी दिलं. अर्धं त्याच्या शर्टावर सांडलं.

२६ मार्च

उजव्या फुप्फुसाला न्यूमोनिया. श्वास जोरात. मागे रडू येतंय, बसलेल्या आवाजाचं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, टायपिस्टसाठी सूचना, रिपोर्ट आल्याशिवाय पुढचं ठरणार नाही. कधीकधी डॉक्टर अशा सूचना देतात. या डॉक्टरांनी आजवर दिली नव्हती.

टाइप केलं नाही. मशीन बंद केलं.

२७ मार्च

राजनला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल, नाहीतर पुण्याला माझ्या दादाला फोन लावेल. त्याने हेडफोन लावला. मग विचारलं, अशी रडायची? मी म्हटलं, हो, अशीच. पुन्हा लाव म्हणाला. पुन्हा. जेवण गार झालं तरी तो ऐकतच होता आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. गेल्या ऑगस्टपासून पहिल्यांदा आम्ही दोघं एकत्र रडलो.

मग डोळे पुसून म्हणाला, फुप्फुस स्वच्छ आहे असं टाइप कर.

मी नाही म्हटलं. ओरडले. एकीला पोचवून आलेय, दुसऱ्याला पोचवायची ताकद माझ्यात नाही, म्हटलं. त्यावर तो शांतपणे म्हणाला, माझे छत्तीस वाढदिवस झालेत शर्वाणी, तिचा एकही झालेला नाही.

३० मार्च

नवी फाइल. नखं निळी. दूध घेत नाही.

तीच सूचना पुन्हा.

राजन दर तासाला विचारतो, पाठवलंस?

१ एप्रिल

टाइप केलं. जसं ऐकलं तसं. उजवं फुप्फुस, निळी नखं, सगळं. एकही शब्द बदलला नाही.

मी राजनला ठेवलं. हे इथेच लिहिते, दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. आभा, मी तुझ्या बाबांना ठेवलं. तुझ्यावर राग नाही ग सोने. मला तुम्ही दोघं हवी होतात.

अजून पाठवलेलं नाही. असं पाठवू नये. आंघोळ करून देवापुढे दिवा लावते आणि मग पाठवते.

१ एप्रिल, नंतर

वात लावत होते. खोलीतून टकटक ऐकू आली — प्लास्टरचा हात कीबोर्डवर —

गेले तोवर पाठवून मोकळा झाला होता. दोन्ही फुप्फुसं स्वच्छ. दोन बोटांनी टाइप केलेलं, स्पेलिंगसुद्धा चुकीचं. माझ्याकडे बघून म्हणाला, खलास. हसत होता.

मी दिवा का लावायला गेले. का गेले.

३ एप्रिल

ती बरी आहे. आधाराशिवाय उभी राहिली.

राजन खोकतोय. त्याला औषध नको, डॉक्टर नको. फाइल लाव म्हणतो. ती हसली की तोही हसतो — आणि हसला की खोकला —

४ एप्रिल

हॉस्पिटल. उजवं फुप्फुस. इथला डॉक्टर म्हणतो, दोन दिवसांत इतकं कसं भरलं —

५ एप्रिल

जुना रिपोर्ट पुन्हा टाइप केला. खरा. पाठवला, पाठवला, दहा वेळा. जातच नाही. माझंच नाव टाकून बघितलं, माझं फुप्फुस, माझं — नाही जात. नवी फाइल आल्याशिवाय काही जात नाही.

वहिनी देवाचं म्हणायला सांगतात. दिव्याकडे बघवत नाही.

६ एप्रिल

ऑक्सिजन. नखं निळी. प्लास्टरमधून बाहेर आलेली टोकं तेवढी — बघून आले. मला म्हणाला, तिचे दात किती आले आता —

७ एप्रिल

वहिनींनी बळेच घरी पाठवलं, त्याचे कपडे आण म्हणाल्या, मी बसते त्याच्याजवळ.

फाइल आलेली आहे.

मुलगी अकरा महिन्यांची. तब्येत उत्तम. वरचे दोन दात. सोबत —

सोबत वडील. पहिल्यांदाच. नुकतेच आलेत. उजव्या करंगळीला प्लास्टर.

नाही

जिन्यावर कोणीतरी आहे. वहिनी. माझं नाव घेत रडत येतायत. दार उघडणार नाही. फाइल अजून संपलेली नाही —

मुलगी सारखी रडते आहे, डॉक्टर म्हणतात. वडिलांना घेता येत नाही. ऐकू येतंय मला. राजन काहीतरी गुणगुणतोय, भलतंच, तिला हे गाणं माहीतच नाही — आणि आडवी नको धरूस रे, तिला खांद्यावर लागतं, उभी, पाठीवर हात — त्याला कसं कळणार, त्याने कधी घेतलंच नाही तिला, कोणी दाखवलंच नाही —

टायपिस्टसाठी सूचना. आई सोबत आहे की नाही ते लिहिलेलं नाही. लिहावं.

वहिनी दार वाजवतायत. शर्वाणी, शर्वाणी —

थांब राजन. आले. टाइप करतेय. आई सोब