न विचारता सांगणारा हकीम

सोलापूर, ता. ३ जानेवारी १९३९, सकाळी साडेसात. दवाखान्यातल्या बरण्या पुसून लिहायला बसलो.

ती. सायरामुमानी यांस भाचा इलाहीबक्षचा सलाम. वि. वि.

मामूंच्या अंगावरून वारे गेल्यापासून बंद असलेला दवाखाना पुन्हा उघडायचा, तर नव्या कायद्याने नोंदणी हवी. त्यासाठी येत्या सोमवारी तपासणी आहे. परीक्षक रोगी समोर बसवणार. मामूंचा हात आता बरा आहे, जीभही नीट वळते. काळजी निराळीच आहे. रोग्याला काही विचारणे मामूंना कमीपणाचे वाटते. नाडी धरावी आणि सांगावे, तोच हकीम, असे म्हणतात. सरावासाठी मी पोटदुखीचे सोंग घेऊन मुकाट हात पुढे केला. त्यांनी दाढदुखी सांगून लवंगेचे तेल चोपडले. तोंड अजून चुरचुरते. नापास झाले तर दवाखाना कायमचा बंद. काय करावे ते कळवावे. लोभ असावा.

मोडनिंब, ता. ६ जानेवारी

इलाहीला मुमानीची दुवा. मास्तरास्नी म्हटलं, मी बोलते तसंच लिवा. लेकीला पोरगी झाली, दोगी ठीक हायती. तुज्या मामूला सांग, घरात लई विचारता की. मीठ कुणी घातलं, दूध कुणी सांडलं, मी कुटं गेलते, शेजारीण काय म्हणाली. मग रोग्यापुढंच तोंड का शिवतंय? रोगी समोर आला की समजा, सायराच बसलीया. रागावले तर रागावू दे, तू जेवायला वाढ. माया पातळ करू नको.

सोलापूर, ता. २० जानेवारी, दुपारी

ती. मुमानी यांस सलाम. वि. वि.

तुमचे पत्र ऐकून मामू रुसले, जेवले मात्र. तपासणीला मीच त्यांना हाताला धरून आत नेले. समोर एका तेलुगू विणकराची बायको, चक्कर येणारी. मामू नाडी धरून गप्प. मग त्यांनी तेलुगूत विचारले आणि विचारतच राहिले. बाई दोन वैद्यांची औषधे एकदमच घेत होती. ती आधी थांबवा, आज माझे औषध नको, असे मामूंनी सांगितले. त्यांनी पुढे तिच्या सासूचीही चौकशी चालवली, तेव्हा परीक्षकांनी हसून पुरे म्हटले.

काल दाखला आला. आज दवाखाना उघडला. पहिलाच रोगी कुंभारी गावचा गुंडा मेंढके. त्याने मुकाट हात पुढे केला. मामूंनी काय होतंय म्हणून विचारताच त्याचे तोंड उतरले.

"आजारी पडायच्या आदी तुमी न इचारता सांगत व्हता की."

मामू म्हणाले, "तवा अंदाजानं सांगत होतो, बाबा."

गुंडा घोंगडी टाकून बसला आणि परवा बायकोशी भांडण झाले तिथपासून सांगू लागला. मी हे पत्र लिहून संपवतो आहे, त्याचे अजून चालू आहे.

बाळीला गोड पापा. आहे तशीच माया ठेवावी.

आपला,
इलाहीबक्ष