दुसरी वेलांटी

सोमवार, ३ फेब्रुवारी

‘तू काढत बस चुका. मी आता लिहायचीच नाही.’

आई हे म्हणाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मावशीच्या आजारपणात ती महिनाभर तिच्याकडे राहिली होती, आणि तिथून तिनं मला पत्र पाठवलं होतं. मी ते लाल पेन्सिलीनं तपासलं, खाली ‘दहापैकी सहा’ लिहिलं आणि उलट टपाली परत पाठवलं. केवढी ऐट! चार गुण गेले ते बहुतेक एकाच शब्दापायी. आई ‘आणि’ला दुसरी वेलांटी देते. आणी. घरी आल्यावर ते वाक्य ती हसत हसत म्हणाली. हसत म्हणाली म्हणून मी विसरले. ती विसरली नाही. त्यानंतर तिच्या हातचं एक अक्षर मी पाहिलेलं नाही. वसतिगृहात सगळ्या मुलींना पत्रं यायची, मला फोन यायचा. अजूनही सामानाची यादी ती तोंडी सांगते, लिहायचं दुसऱ्यानं.

आज हे आठवायचं कारण – ‘कोण जाणे’च्या शेवटच्या भागाचं साहित्य आलं. अकरा भाग लिहून झाले. न उलगडलेली गूढं टीव्हीवर मांडायची आणि शेवटी भरदार आवाजात विचारायचं – कोण जाणे? शब्द माझे, आवाज आवाजवाल्या काकांचा. विहिरीतलं गाणं झालं, रात्रीत जागा बदलणारे दगड झाले, अख्खं गाव डावखुरं कसं, तेही झालं. आता बारावा भाग – हॉस्पिटलमधल्या चिठ्ठ्या. ज्या पेशंटला भेटायला कोणीच येत नाही, त्याच्या उशीखाली एक चिठ्ठी सापडते. सव्वीस वर्षं हे चाललंय. खाली सही नाही.

दिग्दर्शकानं अलीकडच्या काही चिठ्ठ्यांचे फोटो पाठवलेत. एक अशी – ‘आज आले होते. तुम्ही झोपला होता, उठवलं नाही. खिडकीत दोन कबुतरं भांडत होती आणी तिसरं बघत होतं. पुन्हा येईन.’

आणी. हाताची सवय, लगेच लाल खूण केली. मग लाज वाटली आणि पुसून टाकली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आई पत्ते खेळायला गेली. दर बुधवारी जाते, चार ते सहा. बाबा गेले त्या वर्षापासूनचा अड्डा. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तिचा जावई, म्हणजे माझा नवरा, गाडीनं पोचवतो आणि घेऊनही येतो. त्याच्या लिफ्टच्या कंपनीत बुधवारी दुपारनंतर सुट्टी असते म्हणे. कसली सुट्टी, कोणाला ठाऊक. मला काय, मला दोन तास घर मिळतं. स्वयंपाकघराच्या फरशीवर ऊन, समोर कोरे कागद, मागे कुकर गप्प. सुख सुख म्हणतात ते बहुधा दोन-दोन तासांच्या मापातच येतं.

परत आल्यावर नेहमीप्रमाणे विचारलं, ‘कोण जिंकलं?’

‘मीच. दुसरं कोण जिंकणार?’

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दिग्दर्शकाबरोबर हॉस्पिटलमध्ये गेले होते. दुसरा मजला, लांबलचक वॉर्ड, चोवीस खाटा. मोठ्या सिस्टरनी औषधाचं एक रिकामं खोकं पुढे ठेवलं. ‘घरी जाताना काही जण चिठ्ठी घेऊन जातात, काही विसरतात. विसरलेल्या मी जपते.’ प्रत्येकीच्या मागे त्यांनी पेन्सिलीनं तारीख टाकलेली आहे.

दिग्दर्शकानं विचारलं, ‘सिस्टर, कोण असेल असं तुम्हाला वाटतं?’

‘मला वाटायला वेळ नसतो हो,’ म्हणाल्या आणि इंजेक्शन द्यायला गेल्या.

तो मात्र खुशीत. त्याला एक सापडलं होतं. तीन वर्षांपूर्वी चिठ्ठ्यांचं अक्षर बदलतं. पण ‘आणी’ तसंच राहतं! ‘मॅडम, अक्षर दुसरं, चूक तीच. म्हणजे देह बदलला, आत्मा तोच. लिहा, लिहून ठेवा.’

मी लिहून घेतलं. मग खोक्याच्या तळाच्या चिठ्ठ्या काढल्या. जुन्या, पिवळ्या पडलेल्या.

शब्दांवरची रेघ. ती प्रत्येक शब्दाला वेगळी नव्हती. आधी सगळी ओळ लिहायची आणि मग डावीकडून उजवीकडे एकच लांब रेघ ओढायची, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. तेहेतीस वर्षांपूर्वी मी त्यासाठीही अर्धा गुण कापला होता.

बाकावर बसले. दिग्दर्शक म्हणाला, ‘मॅडम, चेहरा उतरलाय. पाणी आणू?’ म्हटलं, आण.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज नववा भाग दाखवला, डावखुऱ्या गावाचा. आई सोफ्यावर, पाय स्टुलावर. काकांचा आवाज घुमायला लागला की ती टीव्हीशी वाद घालते.

‘त्यात काय गूढ? शाळेतला मास्तर डावखुरा असणार. पोरांनी बघून बघून उचललं. विचारलंत का कोणाला?’

‘विचारलं तर मालिका कशी होणार, आई?’ नवरा म्हणाला.

‘बरोबर आहे जावईबापू. तुमच्या बायकोचं पोट त्यावर आहे.’

चहाचा कप तिनं दोन्ही हातांनी धरला होता. तीन वर्षं झाली, उजवा हात थरथरतो. मी त्या हाताकडे बघत राहिले. म्हणाली, ‘काय बघतेस? सांडत नाही, काळजी करू नकोस.’



सोमवार, १० फेब्रुवारी

सिस्टरच्या तारखा घेऊन जुनी कॅलेंडरं पडताळली. एकशे चाळीस चिठ्ठ्या. एकशे चाळीस बुधवार.

आठवलं. बाबा त्याच वॉर्डात दोन महिने होते. मी वसतिगृहातून शनिवारी यायचे. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्याकडे कोणी फिरकायचं नाही. डोळे उघडले की विचारायचे, ‘कोणी येऊन गेलं का?’ आणि आई बिनदिक्कत सांगायची, ‘आले होते की. तुम्ही झोपला होता, म्हणून उठवलं नाही.’ बाबा हसायचे. बाबा गेले. आईचं थापा मारणं थांबलं नाही, एवढंच.

पत्ता नसलेल्या चिठ्ठ्या. आणि ती सांगते, पत्ते खेळायला जाते. तसं खोटं तरी कुठं बोलली?

दिवसभर छातीत काहीतरी गोड दुखतंय. ती लिहिते! मला वाटत होतं, माझ्या लाल पेन्सिलीनं तिचं लिहिणंच मारलं. नाही मारलं. शेकडो माणसांना लिहिलं तिनं. मला सोडून.

पण गेल्या तीन वर्षांचं अक्षर तिचं नाही. तो हात कुणाचा?

कोण जाणे. (काकांच्या आवाजात.)

बुधवार, १२ फेब्रुवारी

‘कोण जिंकलं?’

‘आज कोणीच नाही. दोन खेळाडू झोपलेले होते.’

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दिग्दर्शकाचा फोन. वाहिनीला वॉर्डाच्या दारासमोर कॅमेरा हवाय, छुपा. शेवटच्या भागात चिठ्ठीवाली बाई पकडायचीच. सिस्टर नको म्हणाल्या, पण वरून परवानगी आणली. दोनच दिवसांची मिळाली आहे.

‘मॅडम, तारखा तुमच्याकडे आहेत. वार वगैरे काही निघतो का?’

वीस वर्षं माहितीपटांचं लिहिते आहे. तारीख कधी चुकवली नाही, नाव कधी चुकवलं नाही. म्हटलं, ‘नाही. काही निघत नाही. शनिवार-रविवारी गर्दी असते, तेव्हा लावून बघ.’

फोन ठेवला.

आई टीव्हीवर दिसली तर काय होईल, मला पक्कं माहीत आहे. लोक कौतुक करतील, हार घालतील. ती हसेल, आणि हसत हसत म्हणेल, मी आता लिहायचीच नाही. एकदा माझ्यामुळे थांबली. पुन्हा माझ्यामुळे नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दोन दिवस कॅमेरा चालला. हाती लागलं काय, तर एक मांजर.

दिग्दर्शक हवेत. ‘कॅमेऱ्यालाही दिसत नाही, मॅडम! शेवट याहून भारी असूच शकत नाही.’

मला राहवलं नाही. पोरगा मनाचा चांगला आहे. म्हटलं, ‘समजा, मला माहीत असलं–’

त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. ‘सांगू नका. बारा भाग कोण जाणे, कोण जाणे करत आलोय. आता मीच जाणलं तर तोंड कुठं लपवू?’

काही माणसांना अज्ञानाची किंमत कळते. देव त्याचं भलं करो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रण. काकांचा खर्ज काचेपलीकडेही कपाळावर जाणवतो. भुतं, दगड, विहिरी त्यांनी चहा पीत पीत वाचल्या. आज ‘आज आले होते, तुम्ही झोपला होता’ इथं अडले. पुन्हा घेतलं, पुन्हा अडले. ‘दोन मिनिटं द्या,’ म्हणाले. बाहेर जाऊन बायकोला फोन करून आले. मग एका दमात वाचलं.

रविवार, २ मार्च

बारावा भाग.

तिघं सोफ्यावर, आई मधे. पडद्यावर तिच्या चिठ्ठ्या एकामागून एक. तारखा मी धूसर करायला लावल्या होत्या. एक बरा झालेला पेशंट सांगत होता, ‘माझी बहीण लहानपणीच वारली. मला वाटतं, तीच येऊन गेली.’ आई अजिबात भांडली नाही. पहिल्यांदाच.

काका म्हणाले, ‘कोण होती ही स्त्री? ती आज हयात तरी आहे का?’

‘हयात आहे का म्हणे,’ आई पुटपुटली. नवऱ्याला अचानक खोकला आला, तो पाणी प्यायला आत गेला.

भाग संपला. नावं सरकायला लागली. माझं नाव आलं तेव्हा तिनं नेहमीप्रमाणे बोटानं दाखवलं. मग टीव्हीकडेच बघत म्हणाली, ‘सगळं सांगितलंस. वार कुठला ते नाही सांगितलं.’

मी म्हटलं, ‘राहून गेलं.’

‘राहू दे. प्रत्येक चूक काढायची नसते.’

आणि उठली. रात्रीच्या गोळ्या घेतल्या आणि झोपायला गेली.

सोमवार, ३ मार्च

सकाळी फ्रिजवर यादी. आईनं सांगितलेली, नवऱ्यानं लिहिलेली.

दूध
साबण
बल्ब दोन आणी सेल चार

कितीतरी वेळ फ्रिजपुढे उभी होते. एकोणीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं अक्षर मी पाहिलंय किती? सह्या आणि मीटरचे आकडे. याद्या मी कधी वाचल्याच नाहीत, सामान तोच आणतो.

यादी हातात घेऊन त्याच्यापुढे धरली. तो दाढी करत होता. आरशातूनच बघितलं. ‘सवय लागली गं,’ म्हणाला.

मग सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्या हॉस्पिटलची लिफ्ट मधेच अडकली. हा गेला, दार उघडलं, तर आत लिफ्टमनच्या स्टुलावर त्याची सासू, मांडीवर कागदांची पिशवी. आई शांतपणे म्हणाली, ‘पत्ते खेळायला आले होते.’ हा म्हणाला, ‘मग पानं वाटा, मीपण बसतो.’ तिच्यानं पेन धरवत नव्हतं. तेव्हापासून ती सांगते आणि हा गाडीत हत्यारांच्या पेटीवर कागद ठेवून लिहितो.

‘पहिल्या दिवशी मी “आणि” बरोबर लिहिलं होतं. फाडायला लावलं. म्हणाल्या, असं लिहिलंत तर मी आले होते, हे खरं कसं वाटेल?’

‘आणि मला का नाही सांगितलं?’

तो रेझर धूत राहिला. ‘मी म्हटलं होतं त्यांना. तर म्हणाल्या, नको, ती सुधारून देईल.’

हसले. मग न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून रडले. मग पुन्हा हसले, कारण तो अर्ध्या दाढीचा शेजारी येऊन बसला.

मंगळवार, ४ मार्च

दुपारी आई झोपली होती. तिच्या चष्म्याच्या डबीत एक चिठ्ठी ठेवली. दोन ओळी लिहायला वीस कागद गेले. आधी सगळी ओळ लिहिली, मग वर एकच रेघ ओढली.

नाहीच म्हणेल. ‘जावयाचं अक्षर तुझ्याहून चांगलं आहे,’ म्हणेल. माहीत आहे. इथं नक्कल उतरून ठेवते –

‘आज आले होते. तू झोपली होतीस, उठवलं नाही. पडदा ओढला आणी पंखा कमी केला. उद्या पत्ते खेळायला मला नेशील? तू सांग, मी लिहीन. गुण देणार नाही.’