सव्वीस तारखेचा डॉक्टर

१ डिसेंबर

नाताळचं वेळापत्रक तयार! सलग अकरावं वर्ष. यंदा सत्तावीस नोंदी, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा दोन जास्त. ४.१० झाडाचे दिवे लावणे. ४.१२ आश्चर्य व्यक्त करणे. ४.२० भेटी उघडणे (वयानुसार, लहानांपासून). ४.३५ आभार. ५.४० निरोप.

बायकोला वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "छान आहे." मान वर केली नाही, पण म्हणाली तर खरं. काही सूचना आहे का, विचारलं. तर म्हणे, "आणि ४.१२ ला कुणाला आश्चर्य वाटलं नाही तर?"

बत्तीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं केली मी. फाटे फोडणारी माणसं मला नवीन नाहीत. तिला शांतपणे सांगितलं—दोन मिनिटांची सवलत ठेवली आहे.

नोकरीत होतो तेव्हा नाताळच्या दिवशी मी डेपोतच असायचो. लोकांना माणसांकडे जायचं असतं, त्यांच्या गाड्या वेळेवर सुटायला नकोत? घरी तेव्हा नुसता गोंधळ असे म्हणे. कोण कधी येतं, कोण कधी जेवतं, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. निवृत्त झालो आणि पहिल्याच वर्षी शिस्त लावली. तेव्हापासून घड्याळ लावून घ्यावं असा नाताळ होतो आमच्याकडे.

३ डिसेंबर

लेकीचा फोन. "बाबा, यंदा जरा मोकळं ठेवूया का?" मोकळं म्हणजे नक्की काय, ते तिलाही सांगता येईना. पण पोटची पोर. मान ठेवला. ४.५० ते ४.५५—मोकळा वेळ. नोंदी अठ्ठावीस झाल्या.

७ डिसेंबर

सगळ्यांना प्रती पाठवल्या. मेहुण्याच्या प्रतीत सगळ्या वेळा वीस मिनिटं अलीकडच्या. हा बायकोचा धाकटा भाऊ जन्मालाही पंधरा दिवस उशिरा आला, असं सासूबाई सांगायच्या. दहा वर्षं तो बरोब्बर वेळेवर येतो आणि दारातच हात जोडतो, "भाऊजी, माफ करा, उशीर झाला!" मी मोठ्या मनाने माफ करतो.

१२ डिसेंबर

केक झाले. दरवर्षीप्रमाणे दोन—एक आपल्याला, एक डॉक्टरला. हिची टाच दुखते. सव्वीस तारखेला दाखवायची असते. योगायोग बघा, मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी हिने टाच धरली. डॉक्टर मात्र देवमाणूस. सणाच्या दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडा ठेवतो! मी त्याला पाहिलेलं नाही. सव्वीसला माझी आवराआवर असते. झाड उतरवायचं, माळा गुंडाळायच्या, खोक्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या. त्यात कुणाची लुडबुड नको, म्हणून हिची तारीख सोयीचीच पडते.

एक मात्र खटकलं. डॉक्टरच्या केकमध्ये मनुका सढळ हाताने आणि आपल्या केकमध्ये मोजून! विचारलं. म्हणाली, "त्याच्याकडे माणसं जास्त असतात."

खरंच आहे, दवाखान्यात गर्दी असणारच. आणि तोही दिलदार आहे. दरवर्षी त्यातला एक तुकडा माझ्यासाठी परत पाठवतो.

१५ डिसेंबर

दिव्यांची माळ तपासली. चाळीस दिवे, चाळीस चालू.

१८ डिसेंबर

मोठा निर्णय. शिट्टी टाचणीला द्यायची.

टाचणी म्हणजे नात. वय सात. अंगाने बारीक आणि बोलणं नेमकं टोचणारं, म्हणून मीच ठेवलेलं नाव. शिट्टी म्हणजे डेपोने निरोपाच्या दिवशी दिलेली पितळी शिट्टी. नाताळला मी हीच वापरतो. बसचाच नियम—एक शिट्टी: थांबा. दोन: चला. घसा वाचतो आणि कुणाला वाईट वाटत नाही.

बरेच दिवस मनात घोळतंय. माझ्यानंतर हे सगळं कोण चालवणार? लेक विषय बदलते. जावयाचं चष्म्याचं दुकान, त्याला दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर काचा ठेवून "आता स्पष्ट दिसतंय का?" विचारायची सवय. वेळापत्रक दाखवलं की हातात धरून लांब नेतो, जवळ आणतो आणि परत देतो. मेहुण्याचं तर नावच नको. उरली टाचणी. आपल्या मागे घरचा नाताळ मोडून पडणार, ही कल्पनाच सहन होत नाही मला. बायकोला सांगितलं. म्हणाली, "द्या. तिला आवडेल."

२१ डिसेंबर

टाचणीचा फोन. "आजोबा, खऱ्या नाताळला कुठला फ्रॉक घालू? हिरवा की लाल?" म्हटलं, पंचवीसला लाल घाल. "पंचवीसला नाही हो! खऱ्या नाताळला!" मागे काहीतरी दाणकन पडलं आणि फोन बंद.

सात वर्षांच्या मुलीला नाताळची तारीख माहीत नाही! शाळेत शिकवतात तरी काय? तिच्यासाठी घेतलेली बाहुली दुकानात परत केली. तिला कॅलेंडर देणार.

२४ डिसेंबर

सराव घेतला. माणसं नाहीत म्हणून खुर्च्यांवर. दोन शिट्ट्या, मी या खुर्चीवरून त्या खुर्चीवर. बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, खुर्च्यांचं पाठ झालं असेल आता. जेवायला चला."

२५ डिसेंबर

यशस्वी!!

४.१० ला दिवे. चाळीसच्या चाळीस. ४.१२ ला जावयाने "अरे वा!" म्हटलं, लेकीने "किती छान!" मेहुण्याचं आश्चर्य ४.१५ ला आलं—वरातीमागून घोडं. भेटी वेळेत. टाचणीने कॅलेंडर उघडलं, सव्वीस तारीख शोधली आणि तिच्यावर चांदणी काढली. मी म्हटलं, चुकलीस, पंचवीस. तिने आईकडे पाहिलं. आईने छताकडे.

मोकळा वेळ साफ फसला. पाच मिनिटं सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. लेकीला म्हटलं, बघ, मागितलास ना? आता घालवता येतोय का? ती हसली. हसली म्हणजे, ओठ हलले.

जेवणं बेताची झाली. कोंबडी अर्धी उरली, बटाट्यांना तर कुणी हात लावला नाही. "पोटात जागा ठेव हं," असं बायको टाचणीच्या कानात म्हणाली, ते मी ऐकलं. कशासाठी ठेवायची, ते कळलं नाही. निरोपाची वेळ ५.४० आणि मंडळी ५.३६ लाच चपला घालून दारात! डेपोत बत्तीस वर्षांत अशी शिस्त पाहिली नाही.

दारातच शिट्टी दिली. दोन वाक्यांचं भाषण तयार केलं होतं. पहिलं म्हटलं, दुसरं खिशातच राहिलं. टाचणीने शिट्टी गळ्यात घातली. "आजोबा, घरी नेऊ? उद्या वाजवली तर चालेल?" म्हटलं, आता तुझीच आहे, हवी तेव्हा वाजव. तिने तिथल्या तिथे दोनदा वाजवली आणि सगळे निघालेसुद्धा. मला भरून आलं. वारस मिळाला.

२६ डिसेंबर

संध्याकाळचे साडेसात. सगळं क्रमाने लिहितो. मला क्रमाने लिहिलं की बरं वाटतं.

३.३० ला ही केकचा डबा घेऊन दवाखान्यात गेली. मी झाड उतरवलं. खोकी ठेवायला कपाट उघडलं तर समोर हिची फाइल. वर लिहिलेलं—'टाच'. दरवर्षी बरोबर नेते, यंदा विसरली! आता डॉक्टर बघणार काय? द्यायला निघालो. निघताना उघडली. आत एकच कागद. दहा वर्षांपूर्वीचा. 'टाच उत्तम. पुन्हा येण्याची गरज नाही.'

वाटलं, बाकीचे कागद दवाखान्यात असतील. चौकापलीकडे दवाखाना. दाराला कुलूप. पाटी—'२४ ते २८ बंद'. शेजारच्या चावीवाल्याला विचारलं. "डॉक्टर? ते दर नाताळला गावाला जातात की."

तिथेच पायरीवर बसलो. पण बत्तीस वर्षांची सवय, डोकं आपोआप चालतं. डबा घेऊन बाई चालत लांब जाणार नाही. म्हणजे बस. सुट्टीच्या वेळापत्रकात आमच्या थांब्यावरून ३.४० ला एकच गाडी सुटते. सात नंबर. मीच बसवलेली फेरी. सात नंबरचा शेवटचा थांबा—लेकीचं घर.

४.२० ची सात नंबर पकडली.

तळमजल्याची खिडकी उघडी होती. मी रस्त्याच्या कडेला, हातात फाइल. आत सगळे. लेक टेबलावर पाय सोडून बसलेली, ताटल्या नाहीत, जो तो हाताने खातोय. बटाट्यांचं भांडं फिरत होतं आणि रिकामं होत होतं. आणि आमची ही मेहुण्याबरोबर नाचत होती! अनवाणी! टाच चांगली दणादण आपटत!

मग टाचणी खुर्चीवर चढली. हिरवा फ्रॉक, ओठांवर कापसाच्या मिशा, गळ्यात शिट्टी. हात मागे बांधून माझ्यासारखी खाकरली आणि कागद बघून ओरडली, "चार बारा! आश्चर्य व्यक्त करा!" सगळे एका सुरात—"आऽऽ!" जावयाने कागद लांब नेला, जवळ आणला. बायको हसता हसता जमिनीवर बसली. डोळे पुसत होती. तिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. किंवा पाहिलं असेल, फार पूर्वी, मी ड्यूटीवर जायच्या आधी.

'आता स्पष्ट दिसतंय का?'

दिसलं. कुणी डोळ्यांवर काच न ठेवता दिसलं. राग आला. मग इतकं वाईट वाटलं की फाइल हातातून पडली. अकरा वर्षं! बत्तीस नाताळ माझे डेपोत गेले. उरलेल्यांतलं एकही मिनिट वाया जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. मिनिटं सगळी पकडली. माणसं चपला घालून उभी होती.

फाइल उचलली. आता जाब विचारायचाच, म्हणून दाराकडे निघालो. घंटीवर बोट ठेवणार, तेवढ्यात आत शिट्टी वाजली. एकदाच.

एक म्हणजे थांबा. पाय आपोआप थांबले. सवय!

"मोकळा वेळ!" टाचणी आत ओरडली. मेहुणा म्हणाला, "किती मिनिटं, साहेब?" ती म्हणाली, "संपेपर्यंत!"

खिडकीतून पुन्हा एकदा पाहिलं. बायको उठली होती. केक कापत होती. पहिला तुकडा, मनुका सगळ्यांत जास्त असलेला, तिने कुणाला दिला नाही. कागदी रुमालात नीट गुंडाळला आणि आपल्या पिशवीत ठेवला. मेहुणा त्यावर काहीतरी बोलला, तर तिने त्याच्या हातावर चापट मारली.

५.२० च्या गाडीने परत आलो. फाइल होती तशी ठेवली. माळा गुंडाळल्या.

सातला ही आली. विचारलं, काय म्हणाला डॉक्टर?

"बरी आहे म्हणाला टाच. पण पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलंय." रुमाल माझ्यापुढे ठेवला. "हा तुमच्यासाठी पाठवलाय त्याने."

खाल्ला. चांगला झाला होता. तसं सांगितलंही.

२७ डिसेंबर

पुढच्या वर्षीचं वेळापत्रक आजच केलं. पंचवीस तारखेला तीनच नोंदी. सव्वीस तारीख पहिल्यांदाच घातली: '३.४०—बायको, सात नंबरने डॉक्टरकडे. परतीची वेळ: नाही. मी: घरी, आवराआवर.' टेबलावर ठेवून आंघोळीला गेलो.

परत आलो तर 'घरी, आवराआवर' पेन्सिलीने खोडलेलं. बाजूला हिचं अक्षर: 'चला, तुमचीही टाच दाखवून घेऊ.'