तोंडी परीक्षेची निर्दोष तयारी

३ मार्च
प्रबंधाची तोंडी परीक्षा एकवीस तारखेला. मागच्या खेपेस वाचेने ऐनवेळी संप पुकारला होता. पुन्हा तसे झाल्यास नोंदणी रद्द, असे मार्गदर्शक म्हणतात. प्रश्नच उद्भवत नाही.

४ मार्च
विद्यार्थी साहाय्य कक्षातल्या बाई म्हणाल्या, ऑटिझम असलेल्यांना शांत खोली मिळते, प्रश्न लेखी मिळतात. ऑटिझम मी नाकारत नाही, कुबड्या नाकारतो. मार्गदर्शक म्हणाले, अहो, चष्मा लावता ना? चष्म्याची गोष्ट वेगळी.

७ मार्च
सेमिनार हॉलची पाहणी. ट्यूबलाइट गुणगुणते. शिपायाला ऐकू येत नाही. ताईला नेले, तिलाही नाही. जग बधिर आहे. रोज त्या ट्यूबलाइटखाली बसून सवय करणार.

९ मार्च
उत्तम प्रगती. फक्त आवाज माझ्याबरोबर घरी आला.

१२ मार्च
घरातले दिवे बंद केले. फ्रिजही. आवाज आहेच, उशीखाली अधिक स्पष्ट. ताई ओरडली, दूध नासलं रे! आता तरी कानात बोळे घाल. संशोधकाने बोळे घालायचे?

१५ मार्च
सर्व संभाव्य उत्तरे मुखोद्गत. ताई परीक्षक बनते. आज तिने मुद्दाम मधलाच प्रश्न आधी विचारला. क्रमाचे महत्त्व समजावले. म्हणाली, अरे राजा, ते तुझा क्रम पाळतील कशावरून? मी म्हणालो, सुशिक्षित माणसे आहेत ती.

१८ मार्च
आवाज आता माझेच पहिले उत्तर म्हणतो. पहिल्या वाक्यापाशी अडकतो, पुन्हा सुरू करतो. दुर्लक्ष केले. झोप वगळता सर्व व्यवस्थित.

२१ मार्च, दुपार
बाह्य परीक्षकांनी मधूनच सुरुवात केली. पहिला प्रश्न आधी विचारावा, अशी मी विनंती केली. पहिला कोणता, त्यांनी विचारले. तो मी सांगितला. ते हसून म्हणाले, बरं बाबा, तोच विचारतो. पण तोवर दिवा इतक्या मोठ्याने बोलू लागला होता, की एकाच वेळी दोघांनी बोलणे मला असभ्य वाटले. मी थांबलो. तो थांबला नाही.

२१ मार्च, संध्याकाळ
परीक्षकांची तयारी कच्ची होती, हे उघड आहे. मार्गदर्शकांचा फोन ताईने घेतला. नोंदणी अजून वाचेल. उद्या शांत खोली, लेखी प्रश्न. होकार मात्र माझ्या तोंडून हवा. ताईने आधी टेबलाखालून बाहेर ये म्हणून विनवले, मग स्वतःच आत येऊन बसली. फोन माझ्या कानाशी धरून म्हणतेय, नुसतं हो म्हण.

म्हणणारच आहे. मघापासून म्हणणारच आहे.