गौराची जीभ

फसली १३५१, मार्गशीर्ष शु. ३, पिंगळी

बाळंतपणाला माहेरी येऊन आठवडा झाला. सातवा महिना चालूय. दिवसभर डोळ्यांवर झापड, जागी की झोपेत तेच कळत नाही. ओसरीत ऊन. दादाची गौरा आणि मी बोंडांतला कापूस काढत बसतो. सात वर्षांची झाली, पण बोलणं तुकड्याचं. "आत्या पाणी." "मांजर दूध." पुढं गप्प. शब्द मात्र स्वच्छ.

दादा म्हणाला, "येत्या बाजारी न्हाव्याला बोलावलंय. जिभंखालची शीर कापली की घडाघडा बोलंल." अगं बाई, जी पोर नाकाखालचा गूळ जिभेनं चाटते तिची जीभ अडकलीय कुठं? तसं म्हणाले तर, "तुला काय कळतंय?"

शु. ६

टोकलं की गौ. तोंडच मिटते. म्हणून टोकणं बंद. तिनं तुकडा दिला की मी पुरा करून परत द्यायचा, सहज. "मांजर दूध." "हो गं, मांजर दूध पितंय." ती जणू लांबून कुठून तरी ऐकते. उन्हात कापूस तरंगतो, मलाही गुंगी येते...

आज हळूच म्हणाली, "मांजर पितंय." लय आनंद झाला. पण बाजाराला पाचच दिवस.

शु. ९

माझा धीर सुटला. तिच्याकडून घोकून घेतलं, "आप्पा, मला आता नीट बोलता येतंय." जेवताना म्हणाली. दादाच्या डोळ्यांत पाणी. "आज काय केलंस बाळा?"

"आप्पा, मला आता नीट बोलता येतंय."

परत विचारलं. परत तेच. दा. ताटावरून उठला. म्हणाला, "पोपट केलास माझ्या लेकीचा." माझंच चुकलं. माझं वाक्य तिच्या तोंडात कोंबलं मी.

शु. ११

न्हावी आला. धोकटी उघडली, वस्तरा घासायला लागला. दा.नं गौ.ला मांडीवर घट्ट धरलं. मी ओरडत होते, कोण ऐकतंय! गौ.नं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "आप्पा... मी भेव. आप्पा धरतंय. मी रडतंय."

यातलं एक अक्षर मी पढवलेलं नव्हतं. सात वर्षांत पोरीनं मनातलं पहिल्यांदा सांगितलं त्याला. दा.चे हात सैल पडले. "पुढच्या बाजारी बघू," न्हाव्याला म्हणाला.

पौर्णिमा

आपलं दुकान जल्दी बंद करून दा. आमच्यात कापूस काढायला येऊन बसला. बोंड फोडता येत नाही मेल्याला, बोटात टोचून घेतलं.

गौ. म्हणाली, "आप्पा बोट."

मी बोलणार तोच तो म्हणाला, "व्हय गं, आप्पाचं बोट दुखतंय."

ती फुंकर घालत बसली. "दुखतंय... आप्पाचं."

न्हाव्याला नको म्हणून निरोप गेलेला नाही अजून. बाजाराला तीनच दिवस आहेत. दादाला रोज विचारीन म्हणते, पण धीर होत नाही.