आधी दार, मग ठिपका

नांदेड, १२ जानेवारी २०२५

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

या हातांनी आजवर काय काय केलं ते तुला पाठच आहे. दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरल्या, टाकी भरली की वाजणारी घंटी केली, आईला तिच्या उंचीच्या मापाची काठी केली, न् सगळ्यात आधी, तेराव्या वर्षी, तुझ्या लग्नातला पाट. आता त्यात एकाची भर. फोनवर चालणारं ‘जवळचं वाचनालय’ केलंय. कुठंही उभं राहून बटण दाबायचं. जवळचं सार्वजनिक वाचनालय कुठं, किती लांब, कधी उघडतं, ते नकाशावर ठिपक्यानं दिसतं. शिकवायला कुणी नव्हतं. व्हिडिओ बघून बघून, चुकत चुकत केलं.

नियम एकच. दार उघडं असलेलं मी स्वतः पाहिल्याशिवाय ठिपका न्हाई. किनवटपासून तुमच्या उदगीरपर्यंत मोटारसायकलवर फिरलो. एका गावी पाटी वाचनालयाची न् आत सोयाबीनची पोती. ठिपका दिला न्हाई.

आता वाईट वाटून घेऊ नको. पहिला ठिपका दाजींच्या वाचनालयाचा होता. पण श्रावणात ते गेल्यापासून तुमच्या पुढच्या खोलीला कुलूप आहे. परवा एक मुलगी ठिपका बघून आली न् रिकामी परत गेली. तशी तक्रार तिनं लिहिली. म्हणून मी तो काढला. नियम म्हणजे नियम.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढला तर वर्गणी लागणार न्हाई.

तुझा,
संगमेश्वर

शिवणी, ता. उदगीर
१९ जानेवारी

चि. संगू,
अ. उ. आ.

फोन न करता लिहून राहिले, कारण फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस. ज्या पाटाचं एवढं सांगतोस, तो अजून डुगडुगतो. पाहुणा बसला की खाली कागदाची घडी सारावी लागते. न् हा मला नियम शिकवतो!

ह्यांचं नाव गावानं पुसलं न्हाई, ते तू पुसलंस. रोज पाच वाजता दार उघडून बसायचे. लग्नाच्या दिवशी सुद्धा उघडून आले होते, तूच तर हसला होतास.

ती मुलगी मी पाहिली. तांड्यावरची आरती. उन्हात आली म्हणून चहा दिला. किल्ली माझ्या कमरेलाच होती, पण हात उठला न्हाई. टेबलावर ह्यांचा चष्मा अजून तसाच आहे.

तू ठिपका लाव. माणसं येऊ लागली की मी उघडीन.

रागावले असले तरी आशीर्वाद कमी केलेले न्हाईत.

तुझी,
शरणम्मा

नांदेड, २४ जानेवारी

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

आधी दार, मग ठिपका. तुला सूट दिली तर उद्या तो पोत्यावाला पण येईल सूट मागायला. पाटाचं मनाला लागलं. घडी कोणत्या बाजूला सारतेस, ते कळव.

तुझा,
संगमेश्वर

शिवणी, ३० जानेवारी

चि. संगू,
अ. उ. आ.

डाव्या बाजूला. न् आधी ठिपका, मग दार.

खरं सांगू का? कुलूप उघडायचं भ्या न्हाई. उघडून एकटीनं बसायचं भ्या वाटतं. पाच वाजता दार उघडलं न् कुणीच आलं न्हाई, तर ह्यांचं जाणं मला दुसऱ्यांदा बघावं लागेल. पहिल्या दिवशी एक तरी माणूस यावं, एवढंच. हे फोनवर सांगता आलं नसतं.

तब्येतीला जप.

तुझी,
अक्का

नांदेड, ४ फेब्रुवारी

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

या रविवारी, नऊ तारखेला, पाच वाजता येतो. भाऊ म्हणून न्हाई, वाचक म्हणून. चहा विचारायचा न्हाई.

तुझा,
संगमेश्वर

शिवणी, २३ फेब्रुवारी

चि. संगू,
अ. उ. आ.

तू पायरीवर फोन धरून असा उभा होतास, जसा काही तपासणीला आलेला साहेब. मला हसू आलं न् त्या हसण्यातच किल्ली फिरली. तू ह्यांचा चष्मा उचललास, सदऱ्याला पुसलास न् होता तिथंच ठेवलास, ते मी पाहिलं. पण वाचक म्हणून आलास न् पुस्तक न घेता कपाटाचे स्क्रू पिळत बसलास. न् वर, जाताना माझा पाट पळवलास!

तू परत लावलेला ठिपका बघून आरती पुन्हा आली, दोन पुस्तकं घेऊन गेली. शांतम्मा काकूंना वाचता येत न्हाई, तरी रोज पेपर ऐकायला येतात. त्या काही ठिपका बघून आल्या न्हाईत, दार उघडं बघून आल्या. म्हणजे थोडं तुझं खरं. पण थोडंच.

पाच वाजले. जाते आता, माणसं खोळंबतील.

तुझी,
अक्का

नांदेड, २ मार्च

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

पाटाखालची डावी पट्टी सूतभर कमी भरली. मापात चूक माझीच. नवी बसवली. आता घडी लागणार न्हाई. पुढच्या रविवारी घेऊन येतो, तेव्हा चहा चालेल. दाजींच्या कपाटातलं एक पुस्तक माझ्या नावावर काढून ठेव, जाड नको.

तुझी माया आहे, ती दार उघडं ठेवायला पुरेल एवढी राहू दे.

तुझा,
संगमेश्वर

ता. क. लातूरहून एक अभ्यासिकावाले दुकानी आले होते. ‘जवळचं वाचनालय’ विकत मागत होते. त्यांच्या फी घेणाऱ्या अभ्यासिका वर दिसाव्या, न् जिथं दोन-चारच माणसं येतात ते ठिपके काढून टाकावे, अशी अट. कोणते, ते दाखवायला त्यांनी नकाशावर बोट ठेवलं, ते शिवणीवर. मी नको म्हणालो. साडेचार लाख देत होते.